ट्रेडिंग कार्ड खेळांच्या ऑनलाइन स्पर्धा : वेळेचे नियम व तुटणारे कनेक्शन

स्वतः जमवलेल्या पत्त्यांचा संच लावून, आळीपाळीने डाव टाकत इंटरनेटवर खेळल्या जाणाऱ्या स्पर्धा. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा छापील खेळ 1993 मध्ये आला, त्याची ‘मॅजिक ऑनलाइन’ ही आवृत्ती 2002 मध्ये. तीत बुद्धिबळासारखे घड्याळ असते. तीन डावांच्या सामन्यात सहसा प्रत्येकाला 25 मिनिटे मिळतात. पाळी असताना कनेक्शन गेले तरी घड्याळ थांबत नाही, आणि वेळ संपली की सामना जातो. ‘हार्थस्टोन’मध्ये (2014) एका पाळीला 75 सेकंद असतात, अखेरीस पटावर एक दोरी जळू लागते.

कनेक्शन गेले तरी घड्याळ न थांबवण्याचा नियम कठोर असला तरी रास्त आहे. मुद्दाम फोन बंद करणारा आणि खरोखर रेंज गेलेला, यांतला फरक सर्व्हरला कळत नाही. सवलत दिल्यास हरू लागलेला खेळाडू कनेक्शन तोडून विचाराला वेळ मिळवील.

पुणे–सातारा महामार्गावरील किकवीसारख्या (ता. भोर) गावातून खेळताना थोडा उशीर फारसा नडत नाही, कारण खेळ पाळीचा आहे. नडते ते पूर्ण तुटणे. वीज जाऊन वायफाय बंद पडले की फोन मोबाइल डेटावर जातो, त्याचा आयपी पत्ता बदलतो, जुनी जोडणी निकामी होते आणि पुन्हा आत शिरेपर्यंत पाळी निघून जाते. राउटरला बॅटरीचा आधार हा त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय होय.

जकार्ता येथील 2018 च्या आशियाई स्पर्धेत हार्थस्टोन प्रात्यक्षिक खेळ होता. त्यात भारताच्या तीर्थ मेहता यांनी कांस्यपदक मिळवले.