‘बंगाल’ नौकेची साक्ष

बेलापूर हे समुद्रापासून दूर, प्रवरेच्या काठी वसलेले गाव. येथे ‘सुरुंग’ हा शब्द उच्चारताच विहिरीचा कातळ फोडण्यासाठी दारू ठासून उडविलेला सुरुंग आठवतो. नौदलाच्या परिभाषेतील सुरुंग मात्र पाण्याखाली दडलेला असतो. तो तारेने समुद्रतळाशी जखडलेला असल्यास सुरुंग काढणारी नौका आपल्यामागे पोलादी दोर ओढीत जाते. दोरास लावलेल्या कात्र्यांनी तार तुटली, की सुरुंग वर येतो व गोळी घालून नष्ट केला जातो. हे काम संथ, जोखमीचे आणि कीर्तीवाचूनचे. ‘बंगाल’ या नौकेचे नाव राहिले ते मात्र एका लढाईमुळे. त्या लढाईविषयीच्या साक्षींचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धकाळात ऑस्ट्रेलियात बाथर्स्ट वर्गाच्या ६० नौका बांधल्या गेल्या. त्यांपैकी ‘बंगाल’, ‘बॉम्बे’, ‘मद्रास’ व ‘पंजाब’ या चार रॉयल इंडियन नेव्हीसाठी होत्या. सिडनीच्या कॉकाटू गोदीत बांधलेली, सुमारे ६५० टनांची ‘बंगाल’ १९४२ च्या ऑगस्टमध्ये सेवेत दाखल झाली. तिचे नाव पूर्वेकडील प्रांताचे असले, तरी ज्या नौदलाची ती होती त्यात रत्नागिरी किनाऱ्यावरील खलाशांचा फार पूर्वीपासून मोठा भरणा होता. या दृष्टीने हा विषय महाराष्ट्रास परका नाही.

१९४२ च्या नोव्हेंबरात ‘बंगाल’ ही ‘ओंडिना’ या डच तेलवाहू नौकेच्या संरक्षणार्थ फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे निघाली. ११ नोव्हेंबर रोजी कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस ‘होकोकू मारू’ व ‘आयकोकू मारू’ या दोन जपानी सशस्त्र नौकांशी त्यांची गाठ पडली. प्रत्येक जपानी नौका दहा हजार टनांहून मोठी होती. ‘बंगाल’वर मुख्य तोफ एकच, तीही बारा पौंडी, ‘ओंडिना’वर चार इंची तोफ एक. ‘ओंडिना’स निसटता यावे म्हणून लेफ्टनंट-कमांडर विल्सन यांनी आपली नौका सरळ शत्रूवर घातली. चकमकीत ‘होकोकू मारू’स आग लागली, प्रचंड स्फोट झाला आणि ती बुडाली.

दारूगोळा संपत आल्यावर ‘बंगाल’ धुराच्या पडद्याआड निघून गेली व पुढे सुखरूप बंदरास लागली. ‘ओंडिना’ नष्ट झाल्याचे तिने कळविले. प्रत्यक्षात ‘ओंडिना’ बुडाली नव्हती. तिचे कप्तान विलेम होर्समन ठार झाले. माणसे होड्यांत उतरली असता त्यांच्यावर मशीनगनचा मारा झाला. नौकेवर पाणतीरही सोडण्यात आले. शत्रू दृष्टीआड होताच उरलेले लोक पुन्हा नौकेवर चढले आणि १८ नोव्हेंबर रोजी तिला फ्रीमँटलला घेऊन आले.

मराठीत ‘बुडाली’ व ‘बुडाली असावी’ ही दोन रूपे भिन्न आहेत. पहिले घडलेले सांगते, दुसरे अनुमान. ‘बंगाल’वरून जे दिसत होते त्यावरून दुसरे रूपच युक्त होते, संदेशात ते पहिले होऊन गेले. तो संदेश अखेरचा पुरावा मानला गेला असता, तर होड्यांतील माणसांचा शोध घेण्याचे कारणच उरले नसते.

‘होकोकू मारू’ कोणाच्या गोळ्याने बुडाली, हा वादही याच प्रकारचा आहे. दोन्ही नौकांच्या गोलंदाजांनी तो गोळा आपला मानला. ‘ओंडिना’ची तोफ अधिक मोठी होती, म्हणून पुष्कळांचा कौल तिच्याकडे आहे, परंतु तोही अनुमानच होय. ‘बंगाल’चे श्रेय त्यावर अवलंबून नाही. एका तोफेनिशी दोन बलाढ्य नौकांवर चालून जाण्याचा तिचा निर्णय कोणत्याही वादापलीकडचा आहे.

१९४७ नंतर ‘बंगाल’ भारतीय नौदलात राहिली आणि १९६० च्या सुमारास मोडीत निघाली. तिचा इतिहास लिहिताना अनुमान हे अनुमान म्हणूनच नोंदविले पाहिजे. त्याने शौर्यास उणेपणा येत नाही, आणि होड्यांतून परत फिरलेल्या माणसांनाही त्यांचे स्थान मिळते.