अंधारात नेलेलं केळीचं पानही चमकतं! मग ते आपल्याला दिसत का नाही?

मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा भर दुपारी रावेर, यावल किंवा धुळ्यातल्या शिरपूरकडच्या केळीच्या बागेत गेलात, तर पानं मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंनी खाली मिटलेली दिसतील. पानं सुकलीत असं वाटतं, पण बऱ्याचदा ती ऊन चुकवत असतात. उन्हावरच जगणारं झाड ऊन का चुकवतं? कारण पानाला जास्तीचा प्रकाश झेपत नाही.

पानात पडलेल्या प्रकाशाचं काय होतं?

पानातलं हरितद्रव्य प्रकाश शोषतं तेव्हा त्या ऊर्जेपुढे तीन वाटा असतात. पहिली वाट अन्न तयार करण्याची, दुसरी उष्णता होऊन निघून जाण्याची. तिसरी वाट म्हणजे लाल प्रकाश बनून परत बाहेर पडण्याची. याला प्रतिदीप्ती किंवा फ्लुरोसन्स म्हणतात. शोषलेल्या प्रकाशापैकी साधारण 1 ते 2 टक्केच या वाटेने जातो आणि तोही सेकंदाच्या काही अब्जांश भागात.

मग ऊर्जा साठते कशी?

प्रकाशाचा धक्का बसला की हरितद्रव्यातला एक इलेक्ट्रॉन सुटून शेजारच्या रेणूकडे जातो. तो लगेच मागे फिरू नये म्हणून त्याला एकाकडून दुसऱ्याकडे असं झपाट्याने पुढे पाठवलं जातं. त्याची रिकामी जागा पाण्यातून आलेला इलेक्ट्रॉन भरतो. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन याच कामात सुटतो. पुढे याच ऊर्जेवर साखर तयार होते. केळीचा गोडवा इथूनच येतो.

उशिरा येणारा प्रकाश

पण काही इलेक्ट्रॉन अर्ध्या वाटेवरून परततात. ते मूळ जागी आले की हरितद्रव्य पुन्हा उत्तेजित होतं आणि प्रकाश बाहेर पडतो. यालाच 'विलंबित प्रतिदीप्ती' म्हणतात. पान अंधारात नेल्यावरही ही चमक काही सेकंद, कधी काही मिनिटं टिकते. ती इतकी मंद असते की डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी अतिसंवेदनशील उपकरण लागतं.

काजव्यामुळे लागलेला शोध

हा शोध अपघाताने लागला. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत बर्नार्ड स्ट्रेलर आणि विल्यम अरनॉल्ड हे वनस्पतींमध्ये ऊर्जा साठवणारा एटीपी हा रेणू तयार होतो का, ते तपासत होते. एटीपी मिळालं की काजव्याचा अर्क चमकतो, म्हणून त्यांनी तो वापरला. चमक दिसलीही. पण काजव्याचा अर्क न घालताही ती दिसत होती! प्रकाश वनस्पतीच देत होती. हे संशोधन 1951 मध्ये प्रसिद्ध झालं.

खान्देशाशी याचा काय संबंध?

जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण इथल्या बागांना दोन्ही टोकांचं हवामान सोसावं लागतं. उन्हाळ्यात पाणी वाचवायला पानांची छिद्रं मिटतात, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड आत येत नाही. हिवाळ्यात थंडीचा चरका बसला की साखर बनवणारी यंत्रणा मंदावते. ऊन मात्र पडतच राहतं. वापरता न येणारी ही ऊर्जा पानाच्या यंत्रणेलाच इजा करते. पान मिटणं, जास्तीची ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडणं, हे त्यावरचे उपाय आहेत.

अशा ताणात पानातून येणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण आणि तो विझण्याचा वेग बदलतो. पान पिवळं पडण्याआधीच हा बदल उपकरणावर टिपता येतो. नेहमीची प्रतिदीप्ती तर नासाचा ओसीओ-2 उपग्रह अवकाशातूनही मोजतो.

घरी बघता येईल का?

उशिरा येणारी चमक नाही, पण लगेच येणारी नक्की दिसेल. पालकाची पानं ठेचून स्पिरिटमध्ये भिजवा. गॅस, दिव्यापासून मात्र लांब राहा. अर्क गाळून काचेच्या ग्लासात घ्या, खोलीत अंधार करा आणि नोटा तपासायच्या निळ्या-जांभळ्या टॉर्चचा प्रकाश त्यावर टाका. हिरवा अर्क लालसर चमकेल. कारण इलेक्ट्रॉन पुढे नेणारी साखळी आता तुटलेली असते. अन्न बनवण्याची वाट बंद झाली की जास्त ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते.