पाठीच्या कण्याची गोष्ट

 

कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी वावरातून परतणाऱ्या बाया आठवा. कमरेचं फडकं सोडलं, कापूस मोजून दिला, की प्रत्येकीचा एक हात आपोआप मागे कमरेवर जातो. "माय वं, कंबर धरली!" एवढं म्हणायचं आणि चुलीकडे वळायचं. माझी आजी म्हातारपणी इतकी वाकली होती, की समोरच्याचं तोंड पाहायला तिला मान वर करावी लागे. घरातले म्हणत, वय झालं. तिची पाठ कोणी कधी हात लावून पाहिली नाही. म्हणून आज पाठीच्या आत काय आहे आणि ते माणसाला कसं कळत गेलं, त्याची गोष्ट सांगते.

आधी एक करा. शेजारी बसलेलीला मान खाली घालायला सांगा. मान संपून पाठ सुरू होते तिथे हाडाचा उंचवटा बोटाला लागेल. तो बहुतेकींच्या मानेचा सातवा मणका. मानेत ७ मणके. त्यांच्याखाली १२, त्यांना बरगड्या जोडलेल्या. मग कमरेचे ५, सगळ्यांत मोठे आणि दणकट, कारण वरचा सगळा भार त्यांच्यावर. त्याखाली ५ मणके जुळून एक हाड झालेलं आणि शेवटी साधारण ४ जुळून माकडहाड. असे एकूण ३३. मोकळ्या मणक्यांच्या मध्ये मऊ गाद्या असतात. मणक्यांच्या मागच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत नेणारी ही दोरी. कणा म्हणजे भार उचलणारा खांब आणि या दोरीची पेटी, दोन्ही एकच.

आता हे कळलं कसं? आपल्याकडे सुश्रुतसंहितेत फार जुन्या काळी याची पद्धत लिहून ठेवली आहे. मृत शरीर गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायचं. सात रात्रींनी बाहेर काढून, वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्यानं हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. त्या ग्रंथात पाठीत ३० आणि मानेत ९ हाडं मोजली आहेत. आजच्या मोजणीशी हे जुळत नाही, पण वैद्यानं स्वतः पाहिलं पाहिजे, हा आग्रह मोठा होता. पुढे मृतदेहाला शिवणं विटाळाचं ठरलं. पाहणं थांबलं, पाठांतर उरलं.

युरोपातही तेच. तिकडे गॅलेन नावाच्या जुन्या वैद्याचा शब्द तेराशे वर्षं प्रमाण मानला गेला. त्यानं चिरफाड केली होती ती मुख्यतः माकडांची आणि इतर जनावरांची. मग व्हेसेलियस नावाच्या तरुण शिक्षकानं माणसाचे देह स्वतःच्या हातानं उघडले आणि १५४३ साली चित्रांसह मोठा ग्रंथ छापला. गॅलेनच्या अनेक चुका त्यात उघड झाल्या. आपल्या देशात १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी समाजाचा रोष पत्करून शवविच्छेदन केलं. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं.

तरीही जिवंत माणसाच्या पाठीत काय चाललंय, ते दिसत नव्हतंच. १८९५ साली जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. त्यांनी काढलेला सुरुवातीचा एक प्रसिद्ध फोटो त्यांच्या बायकोच्या हाताचा होता, बोटातल्या अंगठीसकट. पण क्ष-किरणांत हाड दिसतं, मधली गादी दिसत नाही. ही गादी फुटून बाहेर आली की शिरेवर दाब पडतो आणि कळ पायात उतरते, हे १९३४ साली अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी नीट मांडलं. आपण "गादी सरकली" म्हणतो, ती हीच.

१९६०च्या दशकात स्वीडनच्या नाकेमसन यांनी गादीत सुई घालून आतला दाबच मोजला. सरळ उभं असताना तो १०० धरला, तर पाठीवर निजल्यावर साधारण २५. बसल्यावर १४०. पुढे वाकून उभं राहिल्यावर १५०. वाकून हातात २० किलो वजन धरलं, की २२०. पुढच्या मोजण्यांत बसण्याचा आकडा कमी निघाला, पण वाकून वजन धरण्याचा भार मोठाच राहिला. आता निंदण आठवा, सोयाबीनची सोंगणी आठवा, वाकून उचललेला हंडा आठवा.

या आकड्यांवरून मला आपल्या विदर्भातला एक माणूस आठवतो. वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा, तिथल्या हिंगणघाटला १९१४ साली बाबा आमटे जन्मले. साधनाताईंना आणि काही कुष्ठरुग्णांना सोबत घेऊन त्यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात विहीर खणली, आनंदवन उभं केलं. पुढे त्यांच्या मानेच्या आणि कमरेच्या मणक्यांची झीज इतकी झाली, की त्यांना बसता येईना. उभं राहायचं, चालायचं, नाहीतर आडवं व्हायचं. दुखणं गुंतागुंतीचं होतं, त्याचा उलगडा एका आकड्यानं होणार नाही. पण मला त्यांनी पुढे काय केलं ते महत्त्वाचं वाटतं. सत्तरी ओलांडल्यावर, १९८५ साली, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेला निघाले. तरुण सायकलींवर आणि बाबा गाडीत बिछान्यावर निजून. गाव आलं की उठून उभे राहायचे आणि बोलायचे. २००८ साली जाईपर्यंत त्यांनी काम सोडलं नाही.

बाबा निजून काम करतात म्हणून त्यांना कोणी आळशी म्हटलं नाही. त्यांनी पाठीला झेपेल तसं काम बेतलं. आपण उलटं करतो, काम असेल तशी पाठ वाकवतो. दुपारी घटकाभर पाठ टेकवली तर सासू बघेल, शेजारीण बोलेल, याचीच धास्ती. आता तर निजल्यावर कण्यावरचा भार चौथाईवर येतो, हे मोजून झालेलं आहे. ती घटका म्हणजे औषध आहे.

वजन उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यातून बसा, ओझं पोटाजवळ धरा. एका मोठ्या हंड्याऐवजी दोन लहान खेपा करा. निंदणाला लांब दांड्याचं अवजार मिळतं का, ते गटातून विचारा. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, मणके दबतात आणि बाई वाकते. माझ्या आजीचं तेच झालं असावं. म्हणून दूध, तीळ, हिरव्या भाज्या आपल्याही ताटात वाढून घ्या. पाय बधिर पडला, त्यातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाठदुखीसोबत बारीक ताप राहत असेल, वजन उतरत असेल, तर मणक्याचा क्षय आहे का ते तपासून घ्या. त्यावर उपचार आहेत.

सुश्रुतापासून स्वीडनपर्यंत ही गोष्ट एकाच दिशेनं चालली. कोणीतरी ऐकीव गोष्ट बाजूला ठेवली आणि नीट पाहिलं, तेव्हा नवं काही कळलं. आपल्या पाठीबद्दलची ऐकीव गोष्ट एकच आहे, "बाईमाणसाची कंबर दुखायचीच." पुढच्या बैठकीत हिशोबाची वही उघडण्याआधी एकमेकींना विचारा, कोणाची पाठ दुखते, कुठे, किती दिवसांपासून. बोट ठेवून पाहा आणि तेही वहीत लिहा.