फाटलेल्या आवाजाचा कारागीर

'आवाज फाटतोय' ही आपल्याकडे तक्रार असते. गणपतीच्या मांडवात कर्ण्यातून शब्द कळेनासे झाले की कोणीतरी ओरडतो आणि माइकवाला निमूटपणे बटण मागे फिरवतो. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचा फार मोठा भाग याच फाटलेल्या आवाजावर उभा आहे. तो आवाज यंत्रातून हवा तेव्हा, हवा तितकाच निघावा यासाठी ज्यांनी खटपट केली, त्यांत गायक-वादकांइतकाच दुरुस्तीच्या टेबलाशी बसणाऱ्या कारागिरांचा हात आहे. संगीताच्या इतिहासग्रंथांत ही माणसे बहुधा तळटिपेतच भेटतात. त्यांपैकी कॅनडातल्या विनिपेग शहराचे गार गिलीज आणि त्यांचा 'गार्नेट' हा व्हॉल्व्ह-अ‍ॅम्प्लिफायरचा छोटा कारखाना हा या लेखाचा विषय आहे.

आधी 'फाटणे' म्हणजे नेमके काय ते पाहू. व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात केलेली काचेची नळी. आत तापलेल्या कॅथोडपासून निघणारे इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात आणि मधली जाळी त्यांना कमीजास्त वाट देते. जाळीवर आलेला गिटारचा क्षीण विद्युत्-संदेश प्लेटवर मोठा होऊन उमटतो. मात्र या मोठे होण्याला मर्यादा आहे. संदेश वाजवीपेक्षा जोरकस आला की लाटेचे माथे चपटे होतात आणि मूळ स्वरात नसलेले उपस्वर जन्माला येतात. दुसरा उपस्वर म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज, तिसरा त्यावरचा पंचम. ट्रान्झिस्टरच्या साध्या मंडलात हे माथे कात्रीने कापल्यासारखे एकदम तुटतात, व्हॉल्व्हमध्ये ते हळूहळू दबत जातात. म्हणून व्हॉल्व्हचा फाटलेला आवाज कानाला भरीव लागतो.

तंबोरा ऐकणाऱ्या माणसाला हे नवे वाटू नये. घोडीचा माथा किंचित गोलसर घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढतात, ती कशासाठी? तार घोडीला निसटती घासत राहावी आणि एका स्वराभोवती उपस्वरांचा झोत उठावा यासाठी. षड्ज-पंचमात लावलेल्या तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो या उपस्वरांतूनच. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोऱ्यावर लिहिलेल्या निबंधात दाखवले होते की, या वाद्यांच्या घोडीमुळे तारेच्या कंपनाचे युरोपीय ग्रंथांतले नियम इथे लागू पडत नाहीत आणि जे उपस्वर उमटायला नकोत तेही खणखणीत उमटतात. जवारी काय आणि व्हॉल्व्हचे फाटणे काय, दोन्ही ठिकाणी शुद्ध लाटेत मुद्दाम बिघाड घडवलेला असतो. साधने वेगळी आहेत, एकीकडे हाड किंवा शिंग, दुसरीकडे काच आणि वीज. पण 'बिघाड किती' हे ठरवणारा कान दोन्हीकडे लागतो.

पाश्चात्त्य गिटारमध्ये हा बिघाड प्रथम शिरला तो अपघातानेच. १९५१ साली मेम्फिसमध्ये 'रॉकेट एटी-एट' या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. आयक टर्नर यांच्या मंडळींचा अ‍ॅम्प्लिफायर प्रवासात खराब झाला होता आणि स्पीकरच्या फाटक्या शंकूत कागद कोंबून काम भागवले, अशी त्याची कथा आहे. १९६१ मध्ये नॅशविलच्या एका मुद्रणात मिक्सरच्या एका वाहिनीत दोष निर्माण झाला आणि मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्यातली बास गिटार भुंग्यासारखी गुणगुणू लागली. तो आवाज लोकांना आवडला आणि दुसऱ्याच वर्षी गिब्सन कंपनीने तो पैदा करणारी डबी बाजारात आणली. १९६४ मध्ये 'किंक्स' या इंग्रज बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी तर स्पीकरचा शंकू हाताने पात्याने कापला. या साऱ्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात, आणि त्यांत नायक नेहमी वादक असतो. पण अपघात एकदाच होतो. रोज रात्री, दर गावी, त्याच गाण्याच्या त्याच जागी तो घडवून आणायचा असेल तर सोल्डरिंगची लोखंडी हातात धरणारा माणूस लागतो.

अशी माणसे त्या काळी गावोगाव होती, कारण रेडिओ गावोगाव होते. ज्यांचे नाव आज सर्वतोमुखी आहे ते लिओ फेंडर मुळात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी १९३८ साली रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटणारे गृहस्थ. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचे दुकान ड्रमचे. तिथला दुरुस्तीवाला केन ब्रॅन आणि त्याचे सोबती यांनी फेंडरच्या 'बेसमन' या नमुन्यावरून १९६२ मध्ये पहिला मार्शल अ‍ॅम्प्लिफायर जुळवला. टोरांटोत पीट ट्रेनर यांनी वाद्यांच्या एका दुकानात दुरुस्ती करता करता १९६३ च्या सुमारास स्वतःचे अ‍ॅम्प्लिफायर बांधायला घेतले. विद्या गुप्त नव्हती. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या आपल्या पुस्तिकांतून मंडलांच्या आकृत्या छापत आणि तरबेज कारागीर त्यांत आपल्या कानाप्रमाणे बदल करी. आपल्याकडेही ठाण्याच्या कारखान्यातून निघालेला मर्फीचा रेडिओ उघडणाऱ्या माणसाला गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर परका वाटला नसता. 'ईएल ८४' हा व्हॉल्व्ह घरगुती रेडिओच्या शेवटच्या टप्प्यात बसे, आणि बीटल्सनी वापरलेल्या व्हॉक्स अ‍ॅम्प्लिफायरमध्येही तोच होता.

मग विनिपेगच का? नकाशात पाहिले तर उत्तर मिळते. मॅनिटोबा प्रांताची ही राजधानी गवताळ प्रदेशाच्या मधोमध, रेड आणि असिनिबॉइन या नद्यांच्या संगमावर आहे. हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरतो. टोरांटो रस्त्याने दोन हजार किलोमीटरहून दूर, आणि जवळचे मोठे अमेरिकन शहर मिनिॲपोलिस तेही सुमारे सातशे किलोमीटरवर. अमेरिकेहून अ‍ॅम्प्लिफायर आणायचा तर वर आयातशुल्क. तो बिघडला तर दुरुस्तीला पाठवून वाट पाहणे परवडणारे नव्हते. दुसरीकडे, या शहरात वाजवणारी पोरे भरपूर होती. विनिपेगच्या वस्त्यावस्त्यांतून 'कम्युनिटी क्लब' असत. बाहेर बर्फावरचे हॉकीचे मैदान आणि आत एक सभागृह, असे त्यांचे साधारण रूप. या सभागृहांत आठवड्याच्या शेवटी तरुणांचे नाच होत आणि त्यासाठी बँड लागत. शाळकरी नील यंग आपल्या 'स्क्वायर्स' या बँडबरोबर याच क्लबांतून वाजवत होता. रँडी बॅकमन इथलाच. जॅझ गिटारवादक लेनी ब्रो यांच्याकडून तो इथेच शिकला. लांबलचक रात्री, कोंडलेली तरुण मंडळी, महाग परदेशी माल आणि सतत तुटणारी सामग्री एवढे एकत्र आल्यावर गावातच कारागीर पुढे आला नसता तरच नवल.

थॉमस गार्नेट गिलीज हे त्यांचे पूर्ण नाव. गार्नेट हे लालसर रत्नाचे नाव असले, तरी कंपनीला ते मालकाच्या नावावरून मिळाले. स्थानिक बँडांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करता करता १९६० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी रसेल आणि गार्नेट या मुलांसह कंपनी उभारली. गिटार, बास आणि गायनासाठी अ‍ॅम्प्लिफायर निघू लागले. ते बहुतांशी व्हॉल्व्हचेच होते. दुरुस्तीवाल्याने बांधलेल्या यंत्राला एक स्वभाव असतो. कुठला भाग आधी जळतो, कुठला सांधा प्रवासात सुटतो, हे त्याने दुसऱ्यांच्या यंत्रांत शेकडो वेळा पाहिलेले असते. माझ्या मते या छोट्या कारखान्यांचे खरे भांडवल तेच होते. नव्या शोधांपेक्षा जुन्या बिघाडांची स्मृती त्यांच्या कामी आली.

बॅकमन यांच्या 'गेस हू' या बँडचे नावही अशाच आडगावच्या युक्तीतून आले होते. त्यांचे १९६५ मधले 'शेकिन ऑल ओव्हर' कंपनीने 'गेस हू?' एवढेच छापून आकाशवाणी केंद्रांकडे धाडले, म्हणजे निवेदकांना वाटावे की कोणी विलायती बँड असेल. स्वतःच्या देशातले म्हटल्यावर वाजवणार नाहीत, ही धास्ती! बॅकमन लहानपणी व्हायोलिन शिकला होता. गज चालेल तितका वेळ स्वर टिकतो हे त्याच्या हाताला ठाऊक होते. गिटारची तार मात्र छेडली की विरू लागते. गिटारचा स्वर व्हायोलिनसारखा लांबवायचा कसा, हा त्याचा ध्यास. त्याने स्वतः सांगितलेली हकीगत अशी की, एका छोट्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरची तार काढून ती थेट मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मुखात जोडायची, असा प्रयोग त्याने केला. स्वर लांबला, पण यंत्र जळाले. जळके यंत्र गिलीज यांच्याकडे आले.

इथे गिलीज यांचे कसब दिसते. व्हॉल्व्ह-अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरला पुढे स्पीकरचा भार असावाच लागतो. तो नसला की आत विजेचा दाब बेसुमार वाढतो आणि ट्रान्सफॉर्मर फुटतो. शिवाय स्पीकरला जाणारा संदेश दुसऱ्या यंत्राच्या नाजूक मुखाला कितीतरी पटींनी जड. गिलीज यांनी बॅकमनला 'असे करू नकोस' म्हणून परत धाडले नाही. जे तो चुकीच्या मार्गाने करू पाहत होता तेच सुरक्षितपणे होईल असे वेगळे यंत्र बांधले. त्याचे नाव 'हर्झॉग'. आकृती पाहिली तर थक्क व्हावे इतकी साधी आहे. एक 'बारा-एएक्स-सात', एक 'सहा-व्ही-सहा', पुढे ट्रान्सफॉर्मर. थोडक्यात, नवशिक्याच्या घरगुती अ‍ॅम्प्लिफायरइतकाच ऐवज. फरक इतकाच की, टोकाला स्पीकर नाही. त्याच्या जागी रेझिस्टर आहे आणि जवळजवळ सगळी शक्ती त्यात उष्णता होऊन जाते. तिच्यातला चिमूटभर अंश तेवढा बाहेर काढून मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचा. छोटा व्हॉल्व्ह बेभान होऊन फाटतो, लाट दबून सपाट होते, आणि मूळ स्वर विरत असतानाही दबलेल्या लाटेची उंची बराच वेळ तशीच राहते. म्हणजे फाटणे आणि टिकणे या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. गज न लावता गिटार लांबवर गाऊ लागली ती अशी.

हा आवाज जगाने ऐकला तो १९७० साली. ऑन्टॅरिओतल्या एका कर्लिंगच्या रिंकमध्ये कार्यक्रम चालू असताना बॅकमनची तार तुटली. नवी तार सुरात लावताना त्याने सहज छेडलेली एक सुरावट सोबत्यांनी उचलली आणि बर्टन कमिंग्ज यांनी त्यावर तिथल्या तिथे शब्द रचले. 'अमेरिकन वूमन'चा जन्म असा सांगतात. शिकागोत आरसीएच्या स्टुडिओत जॅक रिचर्डसन यांच्या देखरेखीखाली ते मुद्रित झाले आणि मे १९७० मध्ये तीन आठवडे अमेरिकेच्या 'हॉट हंड्रेड' यादीत अग्रस्थानी राहिले. त्या यादीत तिथवर पोचलेला हा पहिला कॅनेडियन बँड मानला जातो. व्हिएतनाम युद्धाच्या ऐन दिवसांत अमेरिकेला 'दूर राहा' म्हणून बजावणारे गाणे म्हणून ते ऐकले गेले. त्याच जुलैत बँडला व्हाइट हाउसचे आमंत्रण आले तेव्हा हे गाणे तेवढे वगळावे असे सुचवण्यात आले म्हणतात. बॅकमन तोवर बँड सोडून गेला होता. गाण्याच्या अर्थावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यात सतत जाणवते ती शब्दांआधी येणारी, कडा खरखरीत असूनही न तुटणारी गिटारची रेघ. त्या रेघेत विनिपेगचे कारागिराचे टेबल आहे.

कॅनडा सरकारने जानेवारी १९७१ पासून एएम केंद्रांवर तीस टक्के संगीत कॅनेडियन असलेच पाहिजे असा नियम केला. गाणे 'कॅनेडियन' कशाने ठरवायचे? गायक-वादक, संगीत, शब्द आणि मुद्रण, असे निकष लावले गेले. कशातून वाजले, हा निकष नव्हता, आणि कुठलाही सरकारी अधिकारी तो लावू शकला नसता हेही मान्य. पण याच कप्पेबंद विचाराने आपल्याकडेही एखाद्या मैफलीचा वृत्तान्त लिहिताना घराणे, राग, साथीदार यांची नावे येतात आणि तंबोऱ्याची जवारी मिरजेच्या कोणत्या हाताने काढली हे कोणी विचारत नाही. मिरजेत शिकलगारांनी हत्यारांना धार लावणे सोडून तंतुवाद्ये घडवायला घेतली आणि फरीदसाहेबांपासून ती परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालली. तिच्याविषयी आपल्या संगीतलेखनात किती पाने आहेत, मोजून पाहावे.

गार्नेट कंपनी १९८९ साली बंद झाली. कॅनडा-अमेरिका मुक्त व्यापार करारही त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून लागू झाला. पण दोन तारखा शेजारी आल्या म्हणून एकीला दुसरीचे कारण मानायला मी तयार नाही. दुखणे जुने होते. हलके, स्वस्त, गरम व्हायला वेळ न घेणारे ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर दशकभर आधीच दुकानांत भरले होते आणि व्हॉल्व्ह बनवणारे पाश्चात्त्य कारखाने एकामागून एक दिवे मालवत होते. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले व्हॉल्व्हही याच लाटेत गेले. मोठ्या नावांनी जुन्या नमुन्यांच्या नव्या आवृत्त्या काढून तग धरली, कारण त्यांचे नावच विकले जाते. विनिपेगच्या नावाला ती किंमत नव्हती.

कंपनी गेली तरी गिलीज टेबलापासून उठले नाहीत. पुढेही ते जुने गार्नेट दुरुस्त करत आणि मागणी येईल तसे हर्झॉग हाताने बांधून देत. त्यात लागणारे दोन्ही व्हॉल्व्ह आजही नवे मिळतात. स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधल्या मोजक्या कारखान्यांत ते तयार होतात, आणि त्यांचे मुख्य गिऱ्हाईक आता रेडिओवाले नाहीत, गिटारवाले आहेत.