दख्खनच्या लाव्हाचं घड्याळ समुद्रात

गोंदियात आमच्या पायाखालचे खडक अब्जाहून जास्त वर्षांचे, तापून-दाबून रूप बदललेले. नागपूरपासून पश्चिमेला दख्खनचा लाव्हा सुरू होतो. पण लाव्हा काही वेळ पाळून वाहत नाही. त्याचे थर मोजून वर्षं मिळत नाहीत. मग घड्याळ कुठलं? समुद्रतळाचा गाळ.

पृथ्वीची कक्षा बदलते, तसं ऊन बदलतं आणि गाळात चुना-मातीचे पट्टे पडतात. मिलांकोविचने हे उन्हाचं गणित मांडलं; 1976 मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी ती चक्रं गाळात दाखवली. त्यातलं 4,05,000 वर्षांचं चक्र सगळ्यात स्थिर. 6.6 कोटी वर्षांत अशी साधारण 163 चक्रं होतात. अटलांटिकच्या गाळात चक्रं मोजून कळलं, की डायनासोर संपण्याच्या सुमारे 3 लाख वर्षं आधी समुद्र तापला होता. हे दख्खनच्या उद्रेकाशी जुळतं का, ते पाहायला सह्याद्रीतल्या झिरकॉनचं युरेनियम-शिसं वय लागतं.

खरी गोम इथेच आहे. चक्र गृहीत धरून आकडे ताणले, तर चक्र सापडणारच! म्हणून आधी स्वतंत्र वय, मग मोजणी.