क्लॅरिनेटची रीड : नवशिक्यांनी कोणती घ्यावी, कशी बसवावी

येळ्ळूर आणि आसपासच्या गावांतली मुले बँडसाठी क्लॅरिनेट हातात घेतात, तेव्हा सुरुवातीला आवाज चिरका तरी येतो, नाहीतर नुसती हवाच जाते. मग ‘याला जमणार नाही’ म्हणून वाद्य पेटीत जाते. तसे ठरवण्याआधी रीड तपासावी, अशी आमची सर्व पालकांना विनंती आहे. पुष्कळदा दोष मुलाच्या फुंकेत नसून त्या छोट्या पत्तीत असतो.

रीड म्हणजे काय?
सनईला दुहेरी पत्ती असते, क्लॅरिनेटला एकेरी. ती अरुंडो डोनॅक्स या बोरूसारख्या उंच गवतापासून करतात. दक्षिण फ्रान्समधील व्हार भाग त्यासाठी प्रसिद्ध आहे. रीडचे बूड जाड असते आणि टोक सुमारे 0.1 मिलिमीटर इतके पातळ. हे टोक थरथरते तेव्हाच सूर निघतो.

निवड
आपल्याकडे बहुतेक मुले बी-फ्लॅट क्लॅरिनेट शिकतात. दुकानात तसे स्पष्ट सांगावे, कारण सॅक्सोफोनची रीड याला चालत नाही. रीडवरचा आकडा तिचा कडकपणा दाखवतो. नवशिक्याने 2 नंबरची घ्यावी. लहान मुलाला 1½ ठीक. ‘मोठा नंबर म्हणजे चांगली रीड’ हा गैरसमज आहे. एका कंपनीचा 2 दुसऱ्या कंपनीच्या 2 पेक्षा वेगळा लागू शकतो. माउथपीसचे तोंड जास्त उघडे असेल तर मऊ रीड बरी पडते.

रीड उजेडासमोर धरावी. मधला गडद भाग दोन्ही बाजूंना सारखा उतरलेला असावा. रंग सोनेरी असावा. हिरवट रीड कच्ची असते. टोकाला टवका किंवा चीर असेल तर ती घेऊ नये.

बसवणे
1. पातळ टोक मिनिटभर तोंडात धरून ओले करावे.
2. लिगेचर, म्हणजे रीड धरणारी पट्टी, आधी माउथपीसवर सैल घालावी.
3. रीडची सपाट बाजू माउथपीसच्या सपाट भागावर ठेवून ती वरून पट्टीत सरकवावी. टोकाला हात लावू नये.
4. रीड मधोमध असावी. समोरून पाहिल्यास टोकाच्या वर माउथपीसची केसाएवढी काळी कड दिसावी.
5. स्क्रू रीड हलणार नाही इतकेच आवळावेत.

फुंकायला फार जड जात असेल तर रीड किंचित खाली घ्यावी. आवाज पिचका येत असेल तर किंचित वर. चीत्कार होत असेल तर रीड तिरकी आहे का ते आधी पाहावे, आणि मग बोटांनी छिद्रे पूर्ण झाकली जातात का ते.

जपणूक
एकाच रीडवर रोज वाजवू नये. तीन-चार रीड आणून बुडावर पेन्सिलीने आकडे घालावेत आणि आळीपाळीने वापराव्यात. नवी रीड पहिले काही दिवस दहा-दहा मिनिटेच वाजवावी. वाजवून झाल्यावर ती काढून, पुसून, सपाट डबीत ठेवावी. एकाची रीड दुसऱ्याने तोंडात घालू नये, भावंडांनीसुद्धा नाही.

आपल्याकडचे हवामानही लक्षात घ्यावे. वैशाखात शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी कोरड्या उन्हात टोक वाळून वेडेवाकडे होते. तेव्हा ते स्वच्छ पाण्यात भिजवून सपाट जागेवर अंगठ्याने हलके दाबावे. गणपतीचा सराव मात्र पावसात चालतो. त्या दिवसांत ओली रीड बंद पेटीत राहिली तर बुरशी धरते. अशी रीड टाकून द्यावी. टवका उडालेली किंवा आवाज मंदावलेली रीडही बदलावी.

एवढे करूनही सूर लागत नसेल, तर जाणत्या वादकाने तीच रीड लावून वाजवून पाहावी. त्यालाही ती जड गेली, तर मुलाला दोष देण्याचे कारण उरत नाही.