शाळकरी दौडींचे बखरकार

चार्ल्स डार्विन लहानपणीं फार वेगानें धांवत असे, ही गोष्ट त्यानें उतारवयांत स्वतःच लिहून ठेविली नसती तर ती जगाला कधींच कळली नसती. इंग्लंडांतील श्रूझबरी गांवच्या शाळेंत तो १८१८ पासून १८२५ पर्यंत होता. राहणें शाळेच्या वसतिगृहांत, परंतु घर जेमतेम मैलभर अंतरावर. तेव्हां दोन हजेऱ्यांच्या मधल्या वेळांत हा पोरगा घरीं पळे आणि रात्रीं दाराला कुलूप लागण्यापूर्वीं धांवत परत येई. उशीर होईलसें वाटलें म्हणजे वाटेंत देवाची करुणा भाकी, आणि वेळेवर पोंचला म्हणजे त्याचें श्रेय आपल्या पायांना न देतां प्रार्थनेला देई. पुढें ज्याच्या ग्रंथानें धर्ममार्तंडांची झोंप उडविली त्याच्या बाळपणाची ही हकीकत मोठी गोड आहे. पण आम्हांस येथें तिचें प्रयोजन निराळें आहे. त्याच शाळेंत, त्याच सुमारास, दुसरींही पुष्कळ मुलें धांवत होतीं. त्यांपैकीं कोणाचें नांव राहिलें आणि कोणाचें गेलें, हें त्यांच्या वेगावर ठरलें नाहीं. जवळपास कोणी वही घेऊन बसला होता कीं नव्हता, यावर ठरलें.

श्रूझबरीच्या मुलांनीं धांवण्याचा एक खेळच करून ठेविला होता. तो १८१९ मध्यें चालू असल्याचा पुरावा आहे, आणि १८३१ पासूनच्या त्याच्या लेखी नोंदी आहेत. खेळाचें सोंग सगळें थोरामोठ्यांच्या कोल्ह्याच्या शिकारीचें. कांहीं मुलें कोल्हे होऊन कागदाचे कपटे टाकीत पुढें पळत. बाकीचीं सारीं शिकारी कुत्रीं. मंडळाचें नांव ‘हंट’, म्होरक्याचें नांव ‘हंट्समन’, आणि शर्यत जिंकणें म्हणजे ‘किल’ करणें, शिकार साधणें. शेतें, ओढे, काटेरी कुंपणें, चिखल, सर्व कांहीं ओलांडीत मैलचे मैल जावयाचें. क्रॉसकंट्री या नांवानें आज जगभर चालणाऱ्या दौडीचें सर्वांत जुनें मंडळ म्हणून याच हंटचें नांव घेतात. आतां सर्वांत जुनें म्हणजे काय, याचा थोडा विचार केला पाहिजे. इंग्लंडांतल्या दुसऱ्या एखाद्या शाळेचीं पोरें त्याआधीं कुरणांतून धांवलीं नसतील असें छातीठोकपणें कोण सांगेल? मुलें धांवतातच, तो त्यांचा धर्म आहे. श्रूझबरीचें जें वडीलपण आहे तें वहीचें वडीलपण आहे.

रग्बीच्या शाळेंत ‘क्रिक रन’ ही लांब पल्ल्याची दौड १८३७ पासून चालत आली. टॉमस ह्यूज यानें १८५७ त प्रसिद्ध केलेल्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या कादंबरींत कागदाच्या कपट्यांमागें धांवणाऱ्या पोरांचा प्रसंग घातला, आणि दोन-चार शाळांपुरता असलेला हा उद्योग घरोघरच्या वाचकांना ठाऊक झाला. १८६८ त लंडनजवळ ‘थेम्स हेअर अँड हाउंड्स’ हें प्रौढांचें मंडळ निघालें. त्याच्या प्रवर्तकांत वॉल्टर राय नांवाचा एक गृहस्थ होता. धंदा वकिलीचा, छंद मात्र नॉर्फोक परगण्याचे जुने दस्तऐवज धुंडाळण्याचा. धांवणें आणि जुने कागद, हीं दोन व्यसनें एकाच माणसाला जडावीं, हें आम्हांस मोठें सूचक वाटतें. १८७६ त एपिंगच्या रानांत इंग्लंडच्या अजिंक्यपदाची पहिली दौड झाली, तेव्हां सगळेच धांवणारे वाट चुकले आणि शर्यत रद्द करावी लागली. ही फजितीसुद्धां कोणीतरी इमानेंइतबारें टिपून ठेविली आहे!

अमेरिकेंत गेल्यावर या छंदाचें रूप पालटलें. इंग्लंडांत शाळेची वही शाळेच्या कपाटांत राहिली तरी भागत होतें. अमेरिकेंत तें भागेना. तेथें शाळांच्या शर्यती जें तें राज्य आपआपल्यापुरत्या घेतें. कॅन्ससचा विजेता आणि कॅलिफोर्नियाचा विजेता एकमेकांच्या दृष्टीसही पडत नाहींत. शाळकरी मुलांची देशव्यापी क्रॉसकंट्री शर्यत सुरू झाली ती १९७९ त, आणि तीही सरकारनें किंवा शिक्षणखात्यानें नव्हे, किन्नी या जोड्यांच्या दुकानदारांनीं भरविली. त्यापूर्वीं टपालाच्या शर्यती होत. वाचकांस थट्टा वाटेल, पण गोष्ट खरी आहे. प्रत्येक शाळेनें आपल्याच मैदानावर मुलांना दोन मैल धांववावें, त्यांच्या वेळांची बेरीज करावी, आणि ती पाकिटांत घालून धाडावी. पाकिटें फोडल्यावर कोणती शाळा जिंकली तें ठरे. प्रतिस्पर्धी शेंकडों मैल दूर, आणि त्यांची गांठ पडे ती एका कागदावर.

अशा देशांत कागद सांभाळणारा माणूस हाच खरा पंच होऊन बसतो. हें काम कोणा अधिकाऱ्यानें नव्हे, हौशी माणसांनीं उचललें. कॅलिफोर्नियांत बर्ट नेल्सन व कॉर्डनर नेल्सन या भावांनीं १९४८ त ‘ट्रॅक अँड फील्ड न्यूज’ हें मासिक काढलें. फ्लॉरेन्सचा रोबेर्तो क्वेर्चेतानी हा इटालियन तरुण तिकडे आपल्या घरीं बसून जगभरच्या धांवणाऱ्यांच्या वेळा जुळवीत होता. त्याच्यासारखे अकरा छंदिष्ट १९५० त ब्रसेल्स येथें जमले व त्यांनीं आंकडे जमविणाऱ्यांचें एक आंतरराष्ट्रीय मंडळच स्थापन केलें. अमेरिकन हायस्कुलांच्या याद्या पुढें वर्षानुवर्षें जॅक शेपर्ड या गृहस्थानें त्या मासिकासाठीं केल्या. आपल्याकडे राजवाड्यांनीं गांवोगांवचीं दप्तरें धुंडाळून १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापावयास घेतलीं, त्याची येथें आठवण होते. विषयांच्या थोरवींत जमीनअस्मानाचें अंतर आहे, हें आम्ही जाणतों. पण हा कागद आज उचलला नाहीं तर उद्यां तो वाण्याच्या पुडीला जाईल, ही तळमळ दोन्हींकडे एकच.

काम वरवर कारकुनी दिसतें. तें तसें नाहीं. एका गांवच्या पत्रांत छापलेली वेळ हातांतल्या स्टॉपवॉचची असते, दुसऱ्या गांवची विजेच्या यंत्राची. पिस्तुलाचा धूर पाहून घड्याळ दाबण्यास माणसाला जो क्षणार्ध लागतो तो धांवणाऱ्याच्या फायद्याचा होतो. म्हणून शंभर-दोनशें मीटरच्या शर्यतींत हातघड्याळाच्या वेळेंत ०.२४ सेकंद मिळवावे, असा या लोकांचा नियम. मैलाचा घोटाळा आणखी निराळा. मैल म्हणजे १६०९.३४४ मीटर. १९८० च्या सुमारास बहुतेक राज्यांनीं मैल सोडून १६०० मीटरची दौड पत्करली, म्हणजे वरचे नऊ मीटर आणि कांहीं अंगुळें गळालीं. आज १६०० मीटर चार मिनिटांत धांवणारा मुलगा मैल धांवता तर त्याला सुमारें १.४ सेकंद अधिक लागते. बापाची दौड मैलाची, लेकाची १६०० मीटरची. दोघांचीं नांवें एका यादींत घालावयाचीं तर हें गणित केल्यावांचून सुटका नाहीं.

क्रॉसकंट्रीची अडचण तर याहून बिकट. तेथें एका शाळेची वाट सपाट, दुसरीची डोंगराळ. आज ऊन, पुढच्या शनिवारीं पाऊस आणि घोट्याइतका चिखल. घड्याळावर विश्वास कसा ठेवावा? न्यूयॉर्क राज्यांतील एका छंदिष्टानें यावर तोड काढली ती घोड्यांच्या शर्यतींतून. अमेरिकेंत अँड्र्यू बायर यानें घोड्यांचा वेग मापण्याची जी रीत लोकप्रिय केली, तिचें तत्त्व असें कीं, आधीं घोडा न मापतां मैदान मापावें. तेंच यानें मुलांना लाविलें. ज्यांचा नेहमींचा वेग मागील शर्यतींवरून ठाऊक आहे अशीं बरींच मुलें या शर्यतींत आज किती मागें पडलीं तें पाहावयाचें. एकटें मूल मागें पडलें तर तें दमलें असेल, पण सगळींच सारखीं मागें पडलीं तर दोष वाटेचा. तेवढी सूट सर्वांना द्यावयाची, आणि मग प्रत्येकाला गुण द्यावयाचे. एक गुण म्हणजे तीन सेकंद. पुण्या-मुंबईच्या रेसचें वेड सज्जनांनीं निंद्य मानिलें. त्या वेडांतून शाळकरी मुलांना न्याय देण्याची युक्ति निघावी, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

या याद्यांनीं काय साधलें, याचें एक उदाहरण देतों. लुई झाम्पेरिनी या कॅलिफोर्नियाच्या शाळकरी मुलानें १९३४ त एक मैल ४ मिनिटें २१.२ सेकंदांत कापला. हाच तो झाम्पेरिनी, कीं जो महायुद्धांत विमान कोसळल्यावर ४७ दिवस समुद्रावर तरंगत राहिला व नंतर जपान्यांच्या कैदेंतूनही जिवंत परतला. त्याची ती वेळ सुमारें वीस वर्षें कोणाही शाळकऱ्याला गांठतां आली नाहीं. पुढें ५ जून १९६४ रोजीं कॉम्प्टन येथें मोठ्या माणसांच्या एका शर्यतींत कॅन्ससमधील विचिटाचा सतरा वर्षांचा जिम रायन उतरला. तो आठवा आला. आठव्याला कोणी हार घालीत नाहीं. परंतु त्याची वेळ होती ३ मिनिटें ५९.० सेकंद, आणि हायस्कुलांत शिकणारा मुलगा चार मिनिटांच्या आंत मैल धांवल्याची ही पहिलीच नोंद. आज त्या दिवशींचा पहिला कोण, हें थोड्यांना ठाऊक असेल. आठवा मात्र सर्वांना ठाऊक आहे. रायननें पुढच्याच वर्षीं ती वेळ ३ मिनिटें ५५.३ सेकंदांवर आणली. आणखी दोन मुलांनीं १९६७ पर्यंत चार मिनिटांची वेस ओलांडली, आणि मग ३४ वर्षें कोणीच नाहीं. २००१ त ॲलन वेब ३ मिनिटें ५३.४३ सेकंदांत धांवला. त्याही शर्यतींत तो पांचवा होता. ३४ वर्षांचा हा दुष्काळ दुष्काळ म्हणून दिसतो तो यादी अखंड राहिली म्हणून. मध्येंच वही बंद पडती तर प्रत्येक पिढीला आपलाच पोरगा पहिला वाटला असता.

आमच्या लहानपणीं शाळेच्या संमेलनांत शर्यती होत. पहिल्याला पेला मिळे, वेळ कोणी घेत नसे. ती पद्धत अडाणी होती, पण दुसऱ्या दिवशीं सगळे सारखे होत, हें सुख तींत होतें. अमेरिकन मुलाला तें नाहीं. चौदाव्या वर्षीं त्याचें नांव यादींत चढतें. ती यादी कॉलेजांचे शिक्षक वाचतात, शिष्यवृत्त्या तिच्या आधारें देतात, आणि सोळाव्या वर्षीं तो खालीं घसरला तर तेंही सर्व देशाला दिसतें. हौसेखातर वही धरणाऱ्याच्या मनांत यांतलें कांहींच नसतें. तरी त्याच्या हातून तें घडतें, आणि शेंदोनशें नांवें लिहितांना यांपैकीं प्रत्येक नांव एका वाढत्या अंगाच्या पोराचें आहे, ही जाणीव त्यानें ठेविली पाहिजे, असें आमचें मत आहे.

परंतु लिहिल्यानें होणाऱ्या दुखापतीपेक्षां न लिहिल्यानें झालेला अन्याय कितीतरी मोठा आहे. वर ज्या याद्यांचें आम्हीं इतकें कौतुक केलें त्यांच्या जुन्या पानांवर मुलगी जवळजवळ सांपडतच नाहीं. १९२८ त ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची ८०० मीटरची दौड प्रथमच झाली. जर्मनीची लीना राडके २ मिनिटें १६.८ सेकंदांत पहिली आली व जपानची किनुए हितोमी दुसरी. अंतिम फेरींत नऊ जणी धांवल्या आणि नवाच्या नवही पोंचल्या. पण एका अमेरिकन बातमीदारानें अकरा धांवल्या व त्यांतल्या पांच मध्येंच सुटल्या असें लिहून दिलें. इतरांनींही बायका कोसळल्याचीं रसभरित वर्णनें छापलीं. खरी यादी समोर धरून त्यांना खोटें पाडणारा त्या दिवशीं कोणी भेटला नाहीं. ती दौड ऑलिंपिकमधून गेली ती १९६० पर्यंत परत आली नाहीं, आणि लांब धांवणें हें मुलीच्या प्रकृतीस अपायकारक, हा समज शाळाशाळांतून दृढ झाला.

पुढें डोरिस ब्राऊन या नांवानें प्रसिद्ध झालेल्या वॉशिंग्टन राज्यांतील मुलीला आपल्या शाळेच्या धांवपट्टीवर धांवण्याचीसुद्धां मनाई होती. तीच मुलगी मोठेपणीं, १९६६ त, बंदिस्त मैदानावर पांच मिनिटांच्या आंत मैल धांवणारी पहिली स्त्री ठरली, आणि १९६७ पासून १९७१ पर्यंत ओळीनें पांच वर्षें तिनें क्रॉसकंट्रीचें आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद जिंकिलें. तिच्या शाळकरी वयाचा वेग मात्र कोणत्याही यादींत नाहीं. यादी करणाऱ्यांनीं तो गाळला असें नव्हे. शर्यतच नाहीं तर वेळ कोठून लिहिणार? १९७१-७२ या वर्षीं अमेरिकन हायस्कुलांच्या सर्व खेळांत मिळून ३६ लाखांवर मुलगे होते, आणि मुली २ लाख ९४ हजार. १९७२ च्या जूनमध्यें, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेनें मुलगा-मुलगी असा भेद करूं नये असा कायदा झाला. आज मुलींची ती संख्या ३० लाखांच्या वर गेली आहे. मुलींच्या याद्या आतां मुलांच्या याद्यांइतक्याच लांब असतात, फक्त मागें मागें गेलें म्हणजे त्या एकाएकीं संपतात.

श्रूझबरीची वही १८३१ ची. त्या शाळेंत मुलींना प्रवेश मिळाला तो २००८ सालीं, आणि तोही प्रथम वरच्या वर्गापुरता.